घोटाईचा गोटा

जुन्या इमारतींची दुरुस्ती कशी करावी याचे काही नियम मी पुढे नोकरीत असताना लिहून काढले. त्यातला पहिला नियम असा: जेवढे पोकळ वाजते तेवढेच काढावे. हा नियम मी पुस्तकातून घेतलेला नाही. कल्याणच्या एका म्हाताऱ्या गवंड्याचा तो आहे, आणि तो शिकण्यापायी मी त्याचे फार मोठे नुकसान केले.

आमच्या आळीतल्या तळ्याकाठच्या देवळाची दुरुस्ती पंचांनी माझ्यावर सोपवली होती. मी नुकताच ओव्हरसियर होऊन आलो होतो आणि मला सगळे कळते, अशी त्यांची व माझीही समजूत होती. गवंडी मात्र कामाला हात लावीना. दोन दिवस तो बोटाच्या पेराने गिलावा वाजवी, कान लावी आणि मधूनच कोळशाने फुली मारी. तिसऱ्या दिवशी माझे टाळके फिरले.

"म्हातारबुवा, भिंतीची नाडी बघायला बोलावलंय का तुम्हाला?"

"तसंच समजा, रावसाहेब. फुली आहे तेवढंच पोकळ वाजतंय. चुना मुरायला महिनाभर द्या, मग बघा."

महिना! मी आगगाडीने विलायती सिमेंटची दोन पिंपे मागवली आणि उत्तरेची भिंत सबंध खरवडायला सांगितली. तेव्हा तो हळूच म्हणाला, "एवढी भिंत ठेवा. माझ्या बायकोनं घोटलेली आहे."

चुन्याचा शेवटचा हात बायका गुळगुळीत गोट्याने घोटतात, अगदी तोंड दिसेपर्यंत. ती जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिच्या हातचे दुसरे काहीच त्याच्यापाशी उरलेले नव्हते. मला दया आली, पण हेका सुटेना. वरची अर्धी भिंत ठेवली आणि खाली सिमेंट चढवले. केवढा उदार मी!

पावसाळा सरला तेव्हा सिमेंट ठणठणीत होते. जमिनीतली ओल मात्र त्यातून बाहेर पडू न शकल्याने वर चढली होती आणि त्याच्या बायकोने घोटलेला गिलावा खपल्या धरून खाली आला होता. मला रडू कोसळले. मी स्वतः जाऊन म्हाताऱ्याला बोलावून आणले.

त्याने सगळ्या खपल्या टोपलीत वेचल्या, माझे सिमेंट काढून टाकले आणि त्या खपल्या कुटून नव्या चुन्याबरोबर बैलाच्या घाणीत दळल्या. वर गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घातले. पुढे महिनाभर आम्ही थांबलो. इतका शहाणा मी त्याआधी कधीच झालो नव्हतो.

गिलावा झाल्यावर त्याने कनवटीचा एक काळा गोटा काढून माझ्या हातावर ठेवला. "तिचा आहे. माझे हात आता कापतात. तुम्ही बसा."

मी बसलो. "असा, खालून वर," म्हणत तो माझे मनगट धरून दाखवी. तळ्यावर येणारे आळीकर हसत. मी चार दिवस घोटत होतो.

पाचव्या दिवशी भिंतीत त्याचा चेहरा दिसू लागला. तो समोर येऊन उभा राहिला. मग भिंतीलाच म्हणाला, "बघ गं, जमलं त्यांना."