सांताक्रूझहून फोर्टकडे एक गोधडी

त्या दिवसाचा आधी वास आठवतो, चित्र मागाहून उमटते. सांताक्रूझच्या विमानतळाबाहेर उन्हाने मऊ पडलेले डांबर, विमानाच्या इंधनाचा उग्र दर्प आणि माझ्या हातातल्या झेंडूच्या हाराचा ओलसर, किंचित कडू गंध. हार सेलवासहून ओल्या फडक्यात बांधून आणलेला होता आणि दुपार कलली तरी एक पाकळी सुकलेली नव्हती. त्याचे श्रेय माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकींचे. वापीपासून मुंबईपर्यंत त्या दर स्टेशनला खाली उतरून फडक्यावर पाणी शिंपडत आल्या होत्या.

साठीच्या दशकाची ती मधली वर्षे. मी सेलवासच्या शाळेत मराठी शिकवत होते. पावसाळ्यात दमणगंगा फुगली की नदीपलीकडच्या, नरोलीच्या बाजूच्या मुली घरी अडकत. आणि घरी अडकलेली मुलगी पुढच्या जूनला शाळेत दिसे ती बहुधा धाकट्या भावाला पोहोचवायला आलेली, कपाळावर नवे कुंकू लावून. म्हणून मी काही जणींना माझ्या भाड्याच्या घराच्या मागच्या पडवीत ठेवून घेतले. पाऊस संपला, थंडी आली, तरी त्या राहिल्या. शेजारच्या काकी, मूळच्या सेलवासच्याच, त्यांच्यासाठी रांधत. पण उन्हाळ्यात घरमालकाला जागा हवी होती, आणि त्याआधी सरकारी वसतिगृह मंजूर झाले नाही तर मुली आपापल्या गावी परतणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

त्या मंजुरीसाठी दिल्लीहून एक अधिकारी बाई येणार होत्या. विमानाने सांताक्रूझ, रात्री फोर्टातल्या हॉटेलात मुक्काम, सकाळच्या गाडीने वापी आणि तिथून जीपने सेलवास, असा बेत होता. त्यांना आणण्यासाठी माझी निवड झाली, कारण मी गिरगावात वाढलेली. शहराचे रस्ते मला पाठ केलेल्या कवितेसारखे येत, कुठे थांबायचे आणि कुठे वेग घ्यायचा यासकट. बाईमाणसाने एकटीने जाऊ नये म्हणून सेलवासच्या सरकारी कचेरीने काकींना सोबत दिले. त्यांच्या मांडीवर एक भले मोठे गाठोडे होते. त्यात शिदोरी असेल असे मी धरून चालले.

बाईसाहेब बाहेर आल्या त्या करड्या सुती साडीत. मूळच्या नागपूरकडच्या, बोलण्यात ते वळण दिल्लीतही टिकून राहिलेले. हार त्यांनी गळ्यात न घालता हातात घेतला, आणि टॅक्सीचे दार लागायच्या आतच सांगून टाकले की त्यांचे सेलवासला येणे रद्द झाले आहे. सकाळी मद्रासचे विमान होते. आमचे कागद त्या रात्री हॉटेलात वाचणार होत्या. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी डोळे मिटले.

"वाटेत कामाचं बोलू नका. डोकं चढलंय माझं."

मी खिडकीची काच खाली केली. घाबरले मात्र नव्हते. कवितेत विराम असतो तो श्वास घेण्यासाठी, हे मी वर्गात इतक्यांदा सांगितले होते की त्यावर माझाही विश्वास बसला होता. फोर्ट अजून बराच लांब होता. आमच्या मुलींकडे आता उरले होते ते एवढेच अंतर. खिडकीतून वांद्र्याच्या बेकरीतला पावाचा गोडसर वास आला, मग खाडीचा चिखल आणि खारट वारा. पुढच्या सीटवर काकी गाठोडे छातीशी धरून ताठ बसल्या होत्या. टॅक्सीवाल्याने एकदा ते डिकीत ठेवायचे सुचवले, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने पुन्हा विषय काढला नाही.

माहीमला खाडीवरचा रस्ता ओलांडला आणि वाहतुकीच्या पोलिसाने हात वर केला. टॅक्सी थांबली. काकींनी शांतपणे दार उघडले, खाली उतरल्या, रस्त्याच्या कडेला गाठोडे ठेवले, गाठ सोडली, चारी टोके पसरली आणि मागे सरून हात जोडून उभ्या राहिल्या.

सेलवासच्या जुन्या माणसांची ही रीत. पोर्तुगीजांच्या अमदानीत तिथे कुठेही निघाले तरी हद्द आडवी येई आणि हद्दीवर झडती. खाकी कपडा दिसला, हात वर झाला, की न सांगता उतरायचे आणि उघडून दाखवायचे. जो आपणहून उघडतो त्याला लवकर सोडतात. पोर्तुगीज गेले, पण दारूबंदीमुळे वापीच्या नाक्यावरची झडती राहिली, आणि काकींची सवयही. मुंबईतला पोलीस केवळ गाड्या थांबवायला हात वर करतो, हे त्यांना सांगायचे मला सुचले नव्हते.

पोलीस जवळ आला. "मावशी, इथं बाजार मांडताय काय?"

"बघून घ्या साहेब. मागून म्हणाल, लपवलं."

तो हसला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. टॅक्सीवाला कपाळावर हात मारून पुटपुटत होता. त्या गलक्याने बाईसाहेबांनी डोळे उघडले आणि काय चालले आहे ते पाहायला त्या स्वतः खाली उतरल्या. मीही उतरले.

गाठोड्यात शिदोरी नव्हती. नीट घडी घातलेली एक जाड गोधडी होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे, एका कोपऱ्यात शाळेच्या गणवेशाचा निळा. मी ती रोज पाहत होते. पडवीत मुली तिच्याखाली एकमेकींना चिकटून निजत. चुलीचा धूर आणि केसांचे खोबरेल तिच्या धाग्याधाग्यात मुरलेले. माहीमच्या त्या खाऱ्या हवेतही तो वास मला ओळखू आला.

"ही कुणाची?" बाईसाहेबांनी विचारले.

"पोरींची," काकी म्हणाल्या. "हॉटेलात परक्याचं अंथरूण. बाईसाहेबांना झोप यायची नाही, म्हणाल्या. दिली बांधून."

"आणि त्या आज काय पांघरतील?"

"चुलीपाशी निजतील. एका रात्रीचं काय."

"हिच्याखाली निजतात तरी किती जणी?"

"मावतील तितक्या."

बाईसाहेबांनी वाकून गोधडीचा काठ दोन बोटांत धरला, कापड पारखावे तसा. पोलिसाने आम्हाला जायला सांगितले. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी पुन्हा डोळे मिटले नाहीत. वरळीला उजव्या हाताला समुद्र उघडला, तेव्हा त्याच बोलल्या.

"वसतिगृह बांधायचं आणि मुली यायच्या नाहीत, असं फार पाहिलंय मी."

"मुली आलेल्याच आहेत, बाईसाहेब," मी म्हटले. "घर यायचं राहिलंय."

मग त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. नदी कधी चढते, पाणी कुठून आणावे लागते, कोणती मुलगी गणितात हुशार आहे आणि कोणती रात्री रडते. विनवणी केली नाही. तिची गरज मला वाटली नाही. मरीन ड्राइव्हवर दिवे लागत होते आणि माझा आवाज मला स्वतःला नीट, स्वच्छ ऐकू येत होता.

फोर्टातल्या हॉटेलच्या पायऱ्यांवर पितळी बटणांच्या गणवेशातला दरवान पुढे आला आणि सामानासाठी त्याने हात पुढे केला. काकी लगेच खाली वाकल्या आणि गाठ सोडू लागल्या.

बाईसाहेबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "इथं नको, काकी. हे माझं सामान आहे." मग माझ्याकडे वळून त्यांनी सकाळची गाडी किती वाजता आहे ते विचारले. मद्रासला तार करायला हवी, एवढेच वर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जीप पडवीपाशी थांबली. बाईसाहेबांनी गोधडी स्वतः उचलून आणली आणि पुढे आलेल्या सगळ्यांत धाकट्या मुलीच्या हातात दिली. त्या मुलीने आधी तिच्यात नाक खुपसले आणि नाराजीने काकींकडे पाहिले.

"हिला साबणाचा वास येतो."

बाईसाहेबांच्या एका रात्रीच्या निजण्याने गोधडीचा वास बदलला होता. पुढचा पाऊस येण्याआधी मुली वसतिगृहात राहायला गेल्या. प्रत्येकीला सरकारी घोंगडी मिळाली. गोधडी तरीही त्यांच्याबरोबर गेली, आणि तोवर तिला पुन्हा चुलीचा वास आलेला होता.