बकऱ्यांनी राखलेली वाट

सायकल तर सगळ्यांनाच येते, मग तुम्ही शिकवता काय, असं दरवर्षी कुठला तरी पालक विचारतो. मी सांगते, पडायला शिकवते. पालक हसतात. मी विनोद केलेला नसतो.

मी बुलढाण्यात डोंगरी सायकलिंगची प्रशिक्षक आहे. हे वाक्य लग्नसमारंभात बोलायचं मी सोडून दिलं आहे, कारण त्यावर पुढचा प्रश्न असतो, 'अन् नोकरी?' चिखली-मेहकरकडची काही पोरं इथे नातेवाइकांकडे राहून माझ्याकडे शिकतात. त्यांच्या घरच्यांना वाटतं की यातून पोलीस भरतीला फायदा होईल. मी हो म्हणते. धावत्या चोरामागे खडकाळ उतारावरून सायकल घालायची वेळ आलीच, तर माझी पोरं कमी पडणार नाहीत.

घाटाच्या डांबरी रस्त्यावर छाती तयार होते, पण उतरायची कला तिथे येत नाही. त्यासाठी दगड लागतात, वळणं लागतात, एका चाकापुरती वाट लागते. अशी वाट आमच्याकडे एकच होती, घाटाखालच्या गावामागे, गायरानाच्या डोंगरावर. ती कुणा इंजिनिअरने आखलेली नव्हती. गावातल्या शेवटच्या घरात राहणाऱ्या मावशीच्या बकऱ्या रोज सकाळी तिथून वर जायच्या आणि संध्याकाळी खाली यायच्या, म्हणून ती होती. श्रावणानंतर बाकीचा डोंगर कंबरभर गवतात आणि घाणेरीत बुडून जायचा. वाट तेवढी उघडी राहायची.

पोरांचा सराव संपला की मी एकटी पुन्हा एकदा वर जायची आणि स्वतःसाठी उतरायची. पस्तिशी ओलांडलेल्या बाईला एवढा आनंद फुकट मिळू नये, असा तो उतार आहे. खाली मावशी भेटली की तिचा प्रश्न ठरलेला असायचा.

"एवढी धापा टाकत वरतं गेली, अन् तशीच खाली आली. मंग आनलं काय वं?"

मी पाणी मागायची.

दोन वर्षांपूर्वी मावशीचे गुडघे गेले. पुण्याला ड्रायव्हर असलेल्या मुलाने फोनवर निकाल दिला की येत्या बाजारात बकऱ्या विकून टाक. ती दारात बसून मला हे सांगत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर गवत वाढत होतं. बकऱ्या गेल्या तर एका पावसाळ्यात वाट बुजणार, आणि वाट बुजली तर मी पोरांना काय, बसस्टँडवर शिकवणार?

"बकऱ्या तुझ्याच राहू दे," मी म्हटलं. "तुझ्याच दारात बांध. चारायला मी नेते."

"सायकलवर? लोक हासतील तुले."

"ते आत्ताही हसतात."

पहिल्या दिवशी बकऱ्या लिंबाच्या झाडापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढे चालणारी बांडी बकरी मागे वळली. निवड समितीतले लोक बुलढाण्याच्या पोरांकडे पाहतात तशी तिने माझ्याकडे पाहिलं आणि घरी निघून गेली. बाकीच्याही गेल्या. मी हाका मारल्या, शिट्टी वाजवली, शेवटी शिव्या दिल्या. त्यांना सवय होती ती फक्त मावशीच्या आवाजाची.

मग मी मावशीची हाक फोनमध्ये भरून घेतली. "हीर्रर्र... ये वं बांडे, चाल वं माय!" सायकलच्या दांड्याला छोटा स्पीकर बांधला. पुढे मी, माझ्या पुढे मावशीचा आवाज आणि मागे बकऱ्या, अशी आमची वरात डोंगर चढू लागली. चढावर माझा आणि बकऱ्यांचा वेग सारखाच आहे, हे मी पोरांना सांगितलेलं नाही. पुढच्या हंगामात आमची एक मुलगी राज्याच्या संघात गेली. तिच्या यशामागे आधुनिक प्रशिक्षण असल्याचं पेपरात छापून आलं.

मावशी दारातच बसून असायची. संध्याकाळी बकऱ्या बांधताना म्हणायची, "आज लिंबापाशी लय वेळ थांबली होती तू."

"तुला कसं कळलं?"

"माहाच आवाज हाय, मले नाई कळनार? पाय इथं असतेत बापा, पन मी रोज वरतं जाऊन येतो."

एक दिवस अर्ध्या चढावर फोन बंद पडला. बकऱ्या पांगल्या होत्या, आभाळ भरून आलं होतं. दुसरा इलाज नव्हता म्हणून मीच ओरडले, "हीर्रर्र... ये वं बांडे!" बांडीने मान वर केली आणि मुकाट्याने माझ्यामागे आली. तिच्या मागे बाकीच्या. मला राज्याचं पदक मिळाल्यासारखं वाटलं. खरं पदक मिळालं तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. हे मावशीला कधी एकदा सांगते असं मला झालं होतं.

खाली आले तर मावशी दारात नव्हती. आत अंधारात बसली होती.

"आज मी नाई गेली वरतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, फोन बंद पडला होता.

"हाव. पन आल्या ना तुह्या आवाजानं? चांगलं झालं." आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.

पदकाबिदकाचं सगळं तिथेच संपलं. मला इतकं वाईट वाटलं की मी पाणीसुद्धा न मागता घरी आले.

तेव्हापासून बकऱ्या माझ्या हाकेला येतात. मी रोज रात्री आठवणीने फोन चार्ज करते, आणि सकाळी मावशीच्या दारासमोरच स्पीकर सुरू करते, आवाज पूर्ण मोठा करून.