परतीचं भाडं

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मुलगा पवनीच्या शाळेत जायचा, तेव्हा त्याची हातखर्ची मी द्यायचो. बायकोच्या लेखी तो खाऊ होता, पोरासाठी एसटीचं भाडं आणि माझ्यासाठी लगाम. ऑफिसात स्वतःच्या प्रवासभत्त्यासाठी साहेबांशी भांडणारा मी, पण गणितात मार्क कमी पडले म्हणून एका सकाळी त्याला फक्त जाण्याचं भाडं दिलं. "येताना पायी ये," म्हटलं.

संध्याकाळची बस त्याच्याविना आली. तेव्हा मला आठवलं, पवनीहून येणाऱ्या जंगलाच्या रस्त्यावर नुकतीच वाघानं गाय मारली होती. गाडी काढून निघालो. झाडीत खसफस झाली की ब्रेक दाबून कानोसा घ्यायचो. हाक मारायचीही भीती वाटत होती.

नाल्याच्या पुलावर तो दिसला, दप्तर छातीशी धरून उभा. मी जवळ घेतलं नाही. आधी विचारलं, "आईले काय सांगशील?"

"बस थांबलीच नाही म्हणतो, बाबा."

दुसऱ्या दिवशी बायकोनं बस अडवली. "काहो कंडक्टर, लेकराले वाघापुढे सोडून जाता? तुमाले लेकरं नाहीत का?"

"बाई, मले तो दिसलाच नाही जी."

"डोळे तिकिटातच ठेवले का मग?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळी गाडी त्याच्यावर तुटून पडली. मी बाजूलाच उभा होतो.

त्या कंडक्टरची माफी मागायची आहे आणि बायकोला खरं सांगायचं आहे. दोन्ही अजून बाकी आहेत.