सत्तावीस नंबरचं उत्तर

फोन आला तेव्हा मी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधावर लाल पेनाने शेरा मारत होते, "यातून बोलणाऱ्याची ओळख कळते, वाक्य गाळा." पलीकडे वर्षा होती, शालिकभाऊंची मुलगी. ती वरठीला असते, तिचा नवरा तिथल्या कारखान्यात आहे. "मॅडम, बाबा गेले. सकाळी बांधीवरून आले, सपरीत बसले, पानी मांगतलं... वहिनी पानी घेऊन येईपर्यंत मान कलंडली होती." मग ती म्हणाली, "तेरवीले या. वहीचं काम हाय." कसली वही, ते मला विचारावं लागलं नाही. या गोष्टीला आता महिना होत आला. या लेखातली नावं मी बदलली आहेत. आयुष्यभराची सवय, तेवढी काही सुटत नाही.

कोंढा आणि अड्याळच्या मधल्या एका गावात शालिकभाऊंची धानाची शेती होती; भातखाचराला तिकडे बांधी म्हणतात. नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल असं गाव, जुना तलाव, तलावाच्या एका अंगाला जंगल, आणि विचारलं की बोलणारा माणूस. संशोधकाला आणखी काय लागतं? आधी मासे मोजणारे एक सर आले. त्यांच्यामागून मातीच्या पिशव्या भरणारे आले, पक्षी बघणारे आले, सिकलसेलसाठी रक्त तपासणारे आले. एक मुलगी नुसते शब्द गोळा करायला आली होती. एक अर्थशास्त्रवाले चाळीस पानांचा फॉर्म घेऊन आले आणि शालिकभाऊंना भर उन्हात तीन तास बसवून गेले. सगळ्यांना गावातले लोक शालिकभाऊंच्याच दारी आणून सोडायचे. कौसल्याबाई, त्यांची बायको, चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "आला वाटते आणखी एक इचारनारा."

पण शालिकभाऊंचाही एक कायदा होता. सपरीतल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, खिळ्याला दोरीने बांधलेली एक लांबोडकी वही टांगलेली असे. "तुमी मले शंभर गोष्टी विचारता, मी तुमाले एकच विचारतो," असं म्हणून ते वही काढत. प्रत्येकाला एक पान. वर नाव, खाली विषय, त्याखाली शालिकभाऊंचा प्रश्न, आणि मग उत्तरासाठी मोकळी जागा. उत्तर सापडलं की परत यायचं, स्वतःच्या हाताने लिहायचं आणि सही करायची. मासेवाल्या सरांना त्यांनी विचारलं होतं, तलाव आटते तवा मरळ कुठं जाते? सर दोन उन्हाळे येत राहिले आणि शेवटी लिहून गेले, की ती ओल्या चिखलात दडते आणि वरची हवा घेऊन जगते. "हे तं आमच्या बुढ्यालेबी माहीत होतं," शालिकभाऊ म्हणाले, पण सही घेतली. मातीवाल्यांना प्रश्न होता, एकाच तलावाचं पानी, मंग खालच्याच बांधीतला धान काहून पडते? गाळ तिथे साचतो, धान माजतो आणि उंच होऊन लोळतो, हे उत्तर नकाशासकट आलं. अर्थशास्त्रवाल्यांना त्यांनी विचारलं, तुमच्या फारमात माये तीन तास कोन्त्या खान्यात लिवले? ते पान कोरंच राहिलं. शब्द गोळा करणाऱ्या मुलीला प्रश्न होता, आमचं बोलनं अशुद्ध हाय असं शाळेत काहून सांगतलं? तिने सहा महिन्यांनी पत्र पाठवलं. त्यात एकच ओळ होती, "सांगणाऱ्याला माहीत नव्हतं." ते पत्र त्यांनी भाताच्या खळीने पानाला चिकटवलं होतं आणि येईल त्याला वाचून दाखवत.

मी समाजशास्त्राची. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बायकांचा दिवस किती तासांचा होतो, असा माझा पीएचडीचा विषय होता. माझा प्रश्न मात्र शालिकभाऊंनी लगेच लिहिला नाही. "तुमचा मंग विचारीन, आता सुचून नाही राहिला," म्हणाले. मी गावातल्या चाळीस बायकांशी बोलले. प्रत्येकीला नंबर दिला होता, कौसल्याबाईंचा सत्तावीस. दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, शिदोरी सोडून आम्ही दोघी बसलो होतो, त्यांचे पाय पोटरीपर्यंत चिखलाचे. माझे तासांचे प्रश्न संपले तरी त्या उठेनात. मग पलीकडच्या बांधीत पऱ्ह्याच्या, भातरोपांच्या, पेंढ्या फेकणाऱ्या नवऱ्याकडे हनुवटीनेच खूण करून म्हणाल्या, "बाई, एक सांगू? यायले नाही ना सांगान?" मी म्हटलं, नाही सांगणार. "कधीच?" "कधीच नाही." मग त्या दहा मिनिटं बोलल्या, मध्ये एकदा हसल्या, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा बांधीत उतरल्या.

दोन वर्षांनी कौसल्याबाई तापाने गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा चहा सुनेने आणला. शालिकभाऊंनी उठून वही काढली, माझं पान उघडलं आणि माझ्यासमोरच निळ्या शाईने लिहिलं, "कौसल्या तुमाले काय बोलली?" मी कप खाली ठेवला.

"शालिकभाऊ, हे मला सांगता येणार नाही. मी त्यांना शब्द दिलाय."

"ते तं गेली नं."

"शब्द आहेच ना पण."

"मासोळीचं सांगता येते, मातीचं सांगता येते, रक्तातलं सांगता येते. मंग मानसाचंच काहून नाही सांगता येत?"

मी त्यांना संमती, गोपनीयता वगैरे समजावू लागले. आणि वर मीच म्हणाले, "मासोळीने कोणाकडून शब्द घेतलेला नसतो." आपल्याला फार नेमकं सुचलं असं तेव्हा वाटलं होतं. आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. समोर महिन्यापूर्वी बायको गेलेला माणूस बसला होता आणि मी वर्गात शिकवत होते! "हुशार हा मॅडम तुमी," एवढंच ते म्हणाले आणि वही खिळ्याला अडकवली. त्या दिवशी पहिल्यांदाच ते मला बस थांब्यापर्यंत सोडायला आले नाहीत.

प्रबंध झाला तेव्हा मी त्याची प्रत घेऊन गेले. त्यांनी तीन दिवस चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत वाचला. मग मला फोन केला, "यात कौसल्या कुठं हाय?" मी सांगितलं, नावं नसतात, नंबर सत्तावीस पाहा. तो नंबर एकाच ठिकाणी होता, एका तक्त्यात, आणि त्याच्यापुढे तासांचा एक आकडा होता. कौसल्याबाईंचं धुऱ्यावरचं सगळं बोलणं जाऊन तेवढाच उरला होता. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी मला तोडलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. माझे विद्यार्थी वर्षानुवर्षं त्यांच्याच सपरीत जेवले. मी गेले की प्रत्येक वेळी निघताना ते विचारायचे, "मंग, आमचं उत्तर?" आणि मी नकारार्थी मान हलवायची. एकदा तलावाच्या पाळीवर दोघंच बसलो होतो, तेव्हा सगळं अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना दुखवेल असं त्यात काही नव्हतं. एवढं तरी मी सांगू शकले असते का? आजही मला ठरवता येत नाही. "वाईट नव्हतं" म्हटलं की माणूस पुढचं विचारणारच, आणि पुढच्यासाठीच तर त्या बाईने शब्द घेतला होता. मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला सोपं गेलं असं कोणी समजू नये. पुढे पुढे त्यांनी विचारणं बंद केलं. वयाबरोबर विसरले असतील, असं मी सोयीस्करपणे धरून चालले होते.

तेरवीचं जेवण आटोपल्यावर वर्षाने वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, जेचं जेचं राह्यलं हाय तेले दाखवजो. बाकीच्यायचे पत्ते नाही सापडले. तुमचं तेवढं पाहून घ्या." तिच्या आईबद्दलचा प्रश्न तिनेही वाचलेला असणार. तिने मला काही विचारलं नाही. मी माझं पान उघडलं. वर माझं नाव, खाली प्रश्न, तीच निळी शाई. उत्तराची जागा मात्र कोरी नव्हती. तिथे शालिकभाऊंनीच पेन्सिलीने लिहिलं होतं, "मले नाही सांगतलं, या मॅडमले सांगतलं. काहून? मी तिले कधी काही विचारलंच नाही. हेच उत्तर असन."

आलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारणारा माणूस होता तो. मला तिथेच रडू आलं, आणि वर्षा शेजारी बसून राहिली.

मग तिने पेन पुढे केलं. मी ते घेतलं. कौसल्याबाई जे बोलल्या ते मी लिहिलं नाही, आणि शालिकभाऊंच्या उत्तरावर बरोबर-चूक अशी खूणही केली नाही. त्या ओळीखाली, जिथे मासेवाल्या सरांनी आणि मातीवाल्यांनी आपापल्या पानावर केली होती तिथेच, मी फक्त सही केली आणि तारीख टाकली. शब्द मोडला की पाळला, ते कौसल्याबाईंनाच ठाऊक. वर्षाने सही पाहिली, वही मिटली आणि सपरीतल्या खिळ्याला पुन्हा टांगली. शेवटची बरीच पानं अजून कोरी आहेत.