विहिरीवरच्या बाईने घेतलेलं नाव

आधीच सांगून टाकते, मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे. मिरजेला आमच्या गल्लीत कुणाला काही 'लागलं' असं कळलं की माझे वडील आधी थर्मामीटर घेऊन धावायचे. अशा घरात वाढल्यामुळे या सदरातले अनुभव वाचताना मी बऱ्याचदा नाक मुरडलं आहे. आज माझाच लिहिते आहे... आता तुम्ही मुरडा.

नव्वदच्या दशकाची अखेर. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि आम्ही दिल्लीच्या द्वारकेत, सेक्टर दहामध्ये राहायला आलो होतो. तेव्हाची द्वारका म्हणजे अर्धवट उभ्या इमारती, कीकरची, म्हणजे बाभळीची, झुडपं आणि डोक्यावरून खाली खाली जाणारी विमानं. मेट्रोचा पत्ता नव्हता, पाणी टँकरचं. आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट आणि राहणारी कुटुंबं सात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो आणि त्या मजल्यावरच्या बाकी सगळ्या दारांना कुलपं होती.

आमचे हे एका खाजगी कंपनीत टेलिफोन एक्स्चेंज बसवायच्या कामावर होते. उत्तर प्रदेशात, राजस्थानात गावोगावी लोकांना फोन देत फिरायचे, महिन्यातले वीस-वीस दिवस. आमच्या स्वतःच्या घरी मात्र फोन नव्हता! हसू नका, तेव्हा मला रडू यायचं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. लग्नात ह्यांनी ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने माझं नवं नाव लिहिलं – अनघा. नाव सासूबाईंनी निवडलेलं. माहेरचं माझं नाव सुलभा. बावीस वर्षं वापरलेलं नाव दहा मिनिटांत गेलं आणि त्याबद्दल कुणाला काही वाटलं नाही, मीही हसून उखाणा घेतला. पुढे आईसुद्धा पत्राच्या वर 'चि. सौ. अनघा हिस' असं लिहायला लागली. दिल्लीत तर मी नुसती 'भाभीजी'. ते पत्र हातात घेऊन मी किती वेळा बसले असेन... कुणाला आलंय ते, असं वाटायचं.

तर, मी एकटी कंटाळते म्हणून ह्यांनी एका रविवारी पालिका बाजारातून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन दिला, मीही बरोबर होते. सोबतची कॅसेट मी निवडली. स्टिकरवर विहिरीपाशी उभी असलेली एक बाई होती, म्हणून. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये कोई नहीं ले जाता. इसमें पढ़ना बहुत पड़ता है." म्हटलं, मग हीच द्या.

गेम मोठा मजेदार होता. चिलखत घातलेली एक आकृती, बाई की बुवा कळायचं नाही. तिने उड्या मारत कड्यांवरून जायचं, तलवारीने राक्षस मारायचे. मारले की तिची ताकद वाढायची, लेव्हल चढायची. मधे मधे गावं लागायची. तिथे जोडे विकत घ्यायचे, खाणावळीत झोपायचं, माणसांशी बोलायचं. ती दोन-दोन ओळी इंग्रजीत बोलायची. पण बोलायची तरी! सुरुवातीला खेळणाऱ्याचं नाव घालावं लागे आणि त्याला चारच घरं होती. माझ्या बोटांनी SULU घातलं. आई मला सुलू म्हणायची, लग्नाआधी.

टीव्ही बंद केला की सगळं पुसलं जायचं. म्हणून प्रत्येक गावच्या विहिरीवर एक बाई उभी असे. ती लांबलचक पासवर्ड सांगायची आणि शेवटी म्हणायची, DO NOT FORGET, SULU. मी तो दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर उतरवून घ्यायची; पुढच्या वेळी तो घातला की खेळ त्याच विहिरीपासून सुरू व्हायचा.

मार्चमध्ये हे बिकानेरकडे गेले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मला ताप भरला. पहिले दोन दिवस गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत जायचं त्राण राहिलं नाही. खाली तळमजल्यावर मल्होत्रा आंटी राहायच्या, पण कधी नमस्तेच्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. आपण होऊन कुणाचं दार कसं वाजवायचं? मी संकोच करत पडून राहिले. मरण आलं असतं तरी बहुधा संकोचच केला असता.

चौथी दुपार, तीनचा सुमार. घरात माणसाचा आवाज हवा म्हणून टीव्ही लावला, तर केबल बंद. मग गेम सुरू केला, कसाबसा पासवर्ड घातला. माझी चिलखतातली आकृती विहिरीवर उभी राहिली. मी बटण दाबलं. बाईने नवा पासवर्ड दिला, मी लिहून घेतला. आणि शेवटची ओळ आली –

GET UP, SULABHA.

मी "ओ" म्हणाले. मोठ्याने. चार दिवसांत तोंडातून निघालेला तो पहिला शब्द.

भीती वाटायला हवी होती, नाही का? मला इतकं बरं वाटलं की मी रडायलाच लागले. मग उठले. भिंतीला धरत, पायऱ्यांवर बसत तीन जिने उतरले आणि आंटींचं दार वाजवलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि ओरडल्या, "हाय रब्बा, ये तो तप रही है! बेटा, नाम क्या है तेरा?"

"सुलभा," मी म्हणाले.

टायफॉइड होता. डॉक्टरांनी आंटींना सांगितलं, आणखी दोन दिवस घरी पडली असती तर जीवावर बेतलं असतं.

तापात भास झाला, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. आता सॉफ्टवेअरमध्ये असलेली माझी मुलगी तर म्हणते, "आई, पॉसिबलच नाहीये यार. नावाला चार जागा म्हणजे चारच. पाचवं अक्षर ठेवणार कुठे?" बिल्कुल मान्य. पण मग पुढचं काय करू?

मी दवाखान्यातून घरी आल्यावर आणि हे बिकानेरहून परतल्यावर, एका रविवारी सकाळी मी हे सगळं ह्यांना सांगितलं. हे इंजिनिअर माणूस. वहीतला त्या दुपारचा पासवर्ड त्यांनी स्वतः घातला, मी मुद्दाम लांब पलंगावर बसले. विहीर आली. ह्यांनी बटण दाबलं आणि पडद्याजवळ वाकले.

"काय आलं?" मी विचारलं.

"गेट अप, सुलभा." मग बराच वेळ थांबून म्हणाले, "हे तुझं... आधीचं नाव ना?"

आधीचं! माझ्या नवऱ्याला ते आठवायला वेळ लागला होता. माझ्या अंगावर काटा आला तो त्या क्षणी, गेममुळे नव्हे.

"नाव बदललेलं तुला आवडलं नव्हतं का?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही."

ह्यांनी टीव्ही बंद केला. संध्याकाळी पुन्हा तोच पासवर्ड घातला तेव्हा बाई नेहमीसारखंच बोलली, SULU. नंतर कितीदा घातला, तरी तेच.

हे मला तेव्हापासून सुलभाच म्हणतात. आधी अडखळायचे, चार माणसांत लाजायचे, सासूबाई वर्षभर रागावल्या होत्या. आता सवय झाली आहे. तरी त्या घरात माझ्या नावाने पहिली हाक मारली ती ह्यांनी नव्हे. ती कुणी मारली, मला आजही माहीत नाही.