डावा हात खिशात

शेट्ये सरांशी माझी पहिली ओळख त्यांच्या ओरडण्याने झाली, आणि खरं सांगायचं तर गेली पस्तीस वर्षं ती ओरडण्यावरच टिकून आहे. मंडणगडाहून मी रत्नागिरीच्या तंत्रशाळेत वायरमनचा कोर्स करायला आलो होतो. पहिलाच आठवडा. समोर विजेचं पॅनेल दिसलं आणि मी मोठ्या उत्साहाने दोन्ही हातांनी त्याचं झाकण धरलं. मागून आवाज आला, "मेल्या, डावा हात खिशात घाल! छातीतनं करंट न्यायचाय काय?"

मी हात खिशात घालायला गेलो तर खिसाच नव्हता. थोरल्या भावाची पँट. डावा खिसा फाटला म्हणून आईने तो शिवून बंद करून टाकला होता. सरांनी सगळा वर्ग थांबवला. दोन्ही हात लागले तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते आणि दुसऱ्या हातातून बाहेर पडते, आणि वाटेत हृदय असतं. एकच हात कामाला ठेवला की निदान ती वाट बंद होते. संध्याकाळी ते मला घरी घेऊन गेले. काकूंनी मशीनवर नवा खिसा लावून दिला, पोटभर जेवायला वाढलं. ताक पिऊन होईपर्यंत सर खिशावरच बोलत होते.

त्या सरांना आता पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला दोन सूचना केल्या आहेत: सूर आदराचा हवा, आणि आजारपणाचा उल्लेख नको. पहिली मी पाळणार आहे. दुसरी पाळणं मला शक्य नाही. सरांच्या हृदयाचे ठोके चुकू लागले आहेत. छातीत पेसमेकर बसवून घ्या असं डॉक्टरांनी सांगून दोन महिने झाले, आणि सर तो बसवून घेत नाहीत. तोंडी सांगून झालं, हात जोडून झालं, भांडूनही झालं. आता छापून सांगतो. छापलेलं ते नक्की वाचतात, चुका काढण्यासाठी का होईना.

सरांच्या कार्याविषयी लिहायचं तर एसी आणि डीसीपासून सुरुवात करावी लागते, कारण सर कुठल्याही विषयाची सुरुवात तिथूनच करतात. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत या दोन प्रकारच्या विजेवरून दोन संशोधकांत जुंपली होती. त्यांची नावं सर घेत नाहीत. आपल्याच आळीत राहत असावेत अशी टोपणनावं त्यांनी ठेवली आहेत. एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीची बाजू घेणारे ते दिवेवाले, आणि सतत दिशा बदलणाऱ्या एसीवर चालणारी मोटार शोधणारे ते फिरतेबुवा. दिवेवाल्यांची वीज मैल-दीड मैल गेली की दमायची, मग तिथे दुसरं वीजघर बांधा. एसीचा दाब मात्र ट्रान्सफॉर्मरने वाढवता येतो, म्हणून ती लांब धाडता येते. "दिवेवाले जिंकले असते तर सह्याद्रीपलीकडची वीज घाट उतरून तुझ्या मंडणगडात आली असती काय?" हा प्रश्न सरांनी मला किती वेळा विचारला याची गणती नाही. आली नसती, सर. दर वेळी हेच उत्तर दिलं आहे.

दिवेवाल्यांच्या गोटाने एसी किती जीवघेणी आहे हे पटवायला लोकांसमोर जनावरं मारली, या जागी सरांचा आवाज दर वर्षी चढतो. फिरतेबुवांना बागेत चालताना मोटारीची कल्पना सुचली आणि त्यांनी काठीने मातीत आकृती काढली, इथे आले की सर स्वतः खाली वाकतात आणि तांबड्या मातीत तीच आकृती काढून दाखवतात. माझ्या लग्नात त्यांनी ती मांडवाबाहेर काढली होती. भटजी हाका मारत होते, मुहूर्त टळायची वेळ आली होती, नवरदेव मी होतो, आणि सर मला तिसरी फेज समजावत होते.

त्यांना कुणी निरुत्तर केलेलं मी एकदाच पाहिलं. भिकाजी तांडेल नावाचे एक होडीवाले बॅटरी चार्ज होत नाही म्हणून आले. सर म्हणाले, "डीसीचं काम मी घेत नाही." म्हणाले आणि पिशवीत पाने-पकडी घालून बंदरावर गेले. दोन दिवस त्या होडीत बसून डायनामो खोलला, आणि दोन्ही दिवस डीसीला नावं ठेवली. शेवटी तांडेल शांतपणे म्हणाले, "गुर्जी, तुमची एसी लय मोठी, कबूल. पन दर्यात ती कोन आननार? बॅटरी हाय म्हनून आमी परत येताव." सरांनी पाना पुन्हा उचलला. मग म्हणाले, "डायनामोचे कार्बन घासलेत. बदल ते." आभार मानून घ्यायलाही थांबले नाहीत.

निवृत्तीनंतर सर मिरजोळ्याला माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात रोज येतात. मी बोलावलं नव्हतं. चालू मोटारीवर वाकायचं, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचं आणि मूठ कानाला लावून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. एकदा एका कारखान्याची मोटार जळाली असं ठरवून मी आतल्या तांब्याच्या तारेचं वाइंडिंग कापायला निघालो होतो. सरांनी कान लावला आणि म्हणाले, "वाइंडिंगला काय झालेलं नाय. बेअरिंग रडतंय." गिऱ्हाइकासमोर ते मला एक शब्दही बोलले नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर पाऊण तास बोलले.

आता ज्या दिवशी हे सगळं सुरू झालं तो दिवस. दुकानात नवीन पॅनेल जोडत होतो. सर उजव्या हाताने तपासत होते, डावा अर्थातच खिशात. एकाएकी त्यांना घेरी आली आणि ते कोसळले. कुणीही माणूस पडताना हात पुढे टाकतो. सरांनी टाकला नाही. डावा हात खिशात ठेवूनच ते खांद्यावर आपटले, कपाळ फुटलं. आणि आम्ही त्यांचे तीन शिष्य, पुढे धावलो तेसुद्धा एकेक हात खिशात घालून. मग भान आलं, मेन स्विच पाडला आणि त्यांना उचललं. डोळे उघडल्यावर सर म्हणाले, "लोड जास्त झाला, ट्रिप झालो." मला हसू आलं नाही. मी इतका घाबरलो होतो की त्यांच्यावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

पेसमेकरचं नाव काढलं की सरांचं उत्तर तयार असतं: "जन्मभर एसीची बाजू घेतली, आता छातीत बॅटरी घेऊन फिरू?" लोक हसतात, विषय बदलतो. सरांना तेच हवं असतं. पण काकूंकडून मला खरं कारण कळलं. हेदवीच्या गणपतीला साकडं घालून त्या माझ्याकडे आल्या आणि बाकावर बसून रडल्या. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवला की वेल्डिंगजवळ जायचं नाही, चालू मोटारीवर वाकायचं नाही, हातभर लांब राहायचं. तेव्हापासून घरात बोलत नाहीत रे. काल म्हणाले, मग मी ऐकू काय, आणि ऐकायचं नसेल तर उठू कशाला?"

सर, याचा मला राग येतो. तुमचा कान गेला तर आमचं काम अडेल, हे खरं आहे. पण तुम्ही गेलात तर आम्ही कुणाच्या शिव्या खायच्या? हजारो मुलांची छाती तुम्ही एका खिशाने राखलीत. स्वतःच्या छातीची पाळी आली तर तुम्हाला विनोद सुचतो.

म्हणून एक दांडा बनवला आहे. चार फुटी पोलादी सळई, एका टोकाला लाकडी मूठ. मोटार तिकडे, तुम्ही इकडे. डॉक्टरांना नेऊन दाखवला, एवढं अंतर चालेल म्हणाले. मी स्वतः तो पंपाला लावून ऐकला. बेअरिंग अगदी स्पष्ट रडतं. तांडेलांनाही दाखवला. ते म्हणाले, "गुर्जींना सांग, बॅटरीवाले परत येतात."

गौरवलेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. ते आम्ही सगळे चिंततोच. पण या वेळी नुसत्या चिंतण्याने भागणार नाही, कारण ते आयुष्य आमच्या शुभेच्छांत नाही, तुमच्या होकारात आहे. शंभरीच्या ग्रंथात मला पुन्हा लिहायचं आहे, आणि तेव्हा तुमच्याबद्दल तक्रार करायला तुम्ही समोर हवे आहात. समारंभ रविवारी आहे. सोमवारी सकाळी आठ वाजता तुम्हाला हॉस्पिटलात न्यायला मी गाडी घेऊन दारात येईन. पायऱ्या उतरताना डावा हात खिशातून बाहेर काढा, सर. काकूंना तो धरायचा आहे.