पेरूच्या बागेतलं स्टूल

आरती तशी कुणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हे. ती फक्त आसारामसरांचं चिंतायची. तेही रोज, दात घासताना.

पुणतांब्यात ती आठवीला असताना सर इंग्रजी शिकवायचे. एकदा ती म्हणाली, "सर, लई भराभरा झालं. परत सांगा की."

"तुला या जन्मात इंग्रजी यायचं नाही. हो बाहेर!"

त्या वर्षी इंग्रजीच्या तासाला तिची जागा बाहेर, लिंबाखाली. खिडकीतून ऐकत ती इंग्रजी शिकली. राग मात्र आपोआप येत गेला.

आता गोदाकाठी पेरूच्या बागेत मॉन्टेसरी शाळा आहे. वर्ग झाडांखाली भरतो. एक ताई मुलांशी फक्त मराठीत बोलते, दुसरी फक्त इंग्रजीत. ही दुसरी म्हणजे आरती. प्रवेशाआधी मूल सकाळभर वर्गात रमतं आणि घरचं मोठं माणूस स्टुलावर बसून बघतं. कामात गुंतलेल्या मुलाला कुणीही टोकायचं नाही. जो मोठा बोलेल, त्यानं दुसऱ्या दिवशी परत यायचं आणि स्टुलावर बसायचं.

एका सकाळी फाटकातून आसारामसर आले. बोट धरून नातू हर्षल. शहरातल्या शाळेत पोरानं बोलणंच सोडलं होतं, आणि इथे एकच जागा उरली होती.

आरतीचं मन पुरीसारखं फुगलं. "प्लीज सिट, सर," ती म्हणाली आणि त्यांना सगळ्यांत बुटकं स्टूल दिलं. सरांचे गुडघे कानाशी आले.

पहिल्या दिवशी एक मुलगी चिंचोके मोजताना 'थर्टीन' विसरली. सरांना राहवलं नाही. "थर्टीन, बाळ, थर्टीन!"

"टुमॉरो अगेन, सर."

दुसऱ्या दिवशी कुणीतरी चटईची गुंडाळी तिरकी केली. सर पुन्हा बोलले. "टुमॉरो अगेन!" हे म्हणताना आरतीला जी गोडी लागली, ती बागेतल्या पेरूंनाही नव्हती.

तिसऱ्या दिवशी हर्षलनं तांब्यातून वाटीत मूगडाळ ओतायला घेतली आणि सगळी सांडली. ज्यानं सांडलं त्यानं वेचायचं, ही तिथली रीत. पोरगं एकेक दाणा उचलू लागलं. सर दोन्ही हातांवर बसले, ओठ दाताखाली, कपाळावर घाम. आरती वाट बघत होती. बोला सर, एकदा बोला.

सर बोलले नाहीत. हर्षलनं वाटी भरली, ऐटीत उठला. आणि आरतीच्या तोंडून निसटलं,

"आरं, त्यो दाना ऱ्हायला की तिकडं!"

इंग्रजीवाली ताई बोलली. तेही मराठीत, तेही घरच्या. हर्षलनं तिच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बोलला, "शूऽऽ! मी काम करतोय."

सरांनी स्टूल उचललं, रुमालानं पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "उद्या परत या, बाई."

हर्षलला जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी सर त्याला सोडायला आले तेव्हा आरती पेरूखाली स्टुलावर, गुडघे कानाशी.

"काय गं आरती," सर म्हणाले, "अजून बाहेरच का?"

नियमानं तिला बोलता येत नव्हतं. पण शनिवारी पालकसभा होती, आणि हे स्टूल कुणाला द्यायचं ते तिनं तिथंच बसून ठरवलं.